शनिवारचं तेल

इस्रायलच्या दक्षिण टोकावरच्या एलात बंदराला मी गेलो तो फोटो धुवायला. मुंबईत फोर्टातल्या एका स्टुडिओत मी अंधारखोलीत काम करत असे. लग्नातले फोटो, पासपोर्टचे फोटो, गेलेल्या माणसांचे मोठे करून भिंतीवर लावायचे फोटो, सगळे माझ्या हातून गेलेले. इस्रायलला आल्यावर मला आधी डिमोन्याच्या सूतगिरणीत लावलं. तिथे आमची कोकणातली माणसं पुष्कळ होती, उठल्याबसल्या मराठी कानावर पडायचं, पण कामात जीव रमेना. धागा तुटला की माझं डोकं फिरायचं, आणि धागे तर दिवसभर तुटायचे. एकोणीसशे बासष्टच्या अखेरीस कोणीतरी सांगितलं, एलातला एक शास्त्रज्ञ विमानातून समुद्राचे फोटो काढतो, त्याला अंधारखोलीतला माणूस पाहिजे. मी ट्रंक उचलली आणि वाळवंट ओलांडणाऱ्या बसमध्ये बसलो.

हा शास्त्रज्ञ मूळचा जर्मनीचा. उंच, खांदे पडलेले, भर उन्हात अर्धी चड्डी आणि पायात गुडघ्यापर्यंत मोजे. सगळे त्याला डॉक्टर म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. त्याच्याशी मी इंग्रजीत बोलायचो, कारण माझी हिब्रू भाजी आणि ब्रेड आणण्यापुरतीच होती. समुद्राच्या कडेला त्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत तो आणि त्याची पुस्तकं, दुसरीत मी आणि माझी रसायनं. मी राहायला थोड्या अंतरावर, बंदराच्या मजुरांसाठी उभ्या केलेल्या लाकडी बराकीतल्या एका खोलीत.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, समुद्राचे फोटो कशाला? बघायला तो समोर आहेच. डॉक्टरने रागावायला हवं होतं, पण त्याने स्वयंपाकाची एक थाळी आणली, तीत पाणी ओतलं आणि ती उन्हात ठेवली.

"किती सूर्य दिसतात?"

"एक."

"आता फुंकर मार."

मी फुंकर मारली. पाण्यावर सुरकुत्या आल्या आणि सूर्याचे तुकडे तुकडे होऊन थाळीभर पसरले. डॉक्टर म्हणाला, समुद्रावर हेच होतं. वारा नसेल तर सूर्य एका जागी गोळा होऊन दिसतो. वारा वाढेल तशा लाटा तिरप्या होतात आणि सूर्याची चकाकी दूरवर पसरते. ती किती पसरली हे फोटोत मोजलं, की पाण्याला हात न लावता पाणी किती खडबडीत आहे ते कळतं, आणि त्यावरून वाराही कळतो. पुढे कधीतरी माणूस खूप उंचावरून अख्खे समुद्र असे मोजेल, असं तो म्हणायचा. मला ती तेव्हा भाकडकथा वाटली. पण थाळीचं मात्र पटलं.

उत्तरेकडच्या शेतांवर औषध फवारणारं एक छोटं विमान होतं. शेतीचं काम नसेल तेव्हा ते आमच्याकडे यायचं. त्याच्या पोटाला दोन कॅमेरे बांधलेले. एकातून स्वच्छ फोटो यायचा. दुसरा मुद्दाम धूसर काढायचा, म्हणजे चकाकीचे हजारो ठिपके एकमेकांत मिसळून एकच उजळ डाग व्हावा आणि त्याचा उजेड यंत्राने मोजता यावा. हे ऐकून माझा पाराच चढला. जन्मभर मी लोकांना "श्वास धरा, हलू नका" सांगत आलो, फोटो जरा हलला तर मालकाच्या शिव्या खाल्ल्या, आणि इथे एक शिकलेला माणूस मुद्दाम फोटो बिघडवत होता. सवय व्हायला मला बरेच दिवस लागले. मग एकेक धूसर डाग छान वाटायला लागला. वाऱ्याच्या दिवशी तो ऐसपैस असायचा, पडल्या वाऱ्यात आटोपशीर.

माणसं मात्र नव्हती. डॉक्टर कामापुरतं बोलायचा. आमचा नावाडी ग्रीसहून आलेला, आडदांड आणि हसरा, पोराबाळांचा माणूस. तो हिब्रू बोलायचा तीही ग्रीक वळणाची, त्यामुळे आमचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांवर चालायचं. काम संपलं की तो घरी जायचा आणि मी बराकीत. एलात तेव्हा म्हणजे काही घरं, बंदर आणि ऊन. समोर आखाताच्या पलीकडे दुसऱ्या देशाचे डोंगर, संध्याकाळी विटकरी होणारे. ते पाहून लोक म्हणायचे, काय सुंदर. मला ते पाहून रडू यायचं, कारण तेवढ्यात जेवणाची वेळ व्हायची आणि मला एकट्याला जेवायला बसायचं असे. कधी कधी मी भात ढवळताना मोठ्याने मराठी बोलायचो. मीठ जास्त झालं, आता गॅस बंद कर, असलं काहीबाही. जीभ गंजू नये म्हणून.

बायको मुंबईतच होती, तिच्या आईकडे. ती येईना, आणि तिला बोल लावायला मला तोंड नव्हतं. तिची थोरली बहीण दहाएक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथे आली होती. पत्र्याच्या झोपडीत एक हिवाळा काढून छातीचं दुखणं घेऊन परत मुंबईला गेली ती अंथरुणालाच खिळली. माझ्या बायकोने तिची सेवा केली होती. निघताना तिने मला सरळ सांगितलं, "पक्क्या घराची किल्ली तुमच्या हातात आली का बोलवा. झोपडीत मी नाय यायची." आणि मी राहत होतो त्या बराकीच्या फटींतून वाळू आत यायची.

म्हणून सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. डॉक्टरने सरकारकडे एका कायम नोकरीची मागणी केली होती. ती मला मिळाली असती तर तिच्याबरोबर टेकडीवरच्या नव्या सरकारी इमारतीतल्या दोन खोल्या मिळाल्या असत्या. त्या इमारती मी रोज लांबून पाहायचो. कोणाच्या गॅलरीत कपडे वाळत दिसले की कोणती खोली आपली असेल ते मनाशी ठरवायचो. डॉक्टर म्हणायचा, "उन्हाळ्यातले फोटो पुरे झाले की तुझंच नाव कळवतो."

उन्हाळ्यातल्या फोटोंना तेल लागायचं. तेल ओतलं की समुद्र शांत होतो हे कोळ्यांनाही माहीत असतं. मोठ्या लाटा तशाच राहतात, पण वरच्या बारीक सुरकुत्या जातात. डॉक्टरला पाहायचं होतं, की त्या सुरकुत्या गेल्या तर चकाकी किती आकसते. म्हणून होडीतून डबे रिकामे करून पाण्यावर तेलाचा मोठा पट्टा पसरायचा आणि विमानाने बरोबर त्यावर सूर्याची चकाकी धरून फोटो काढायचा. तेल म्हणजे गाड्यांतलं काळं झालेलं, त्यात डिझेल आणि माशाचं तेल मिसळलेलं. नावाडी होडी चालवायचा, डॉक्टर वारा मोजायचा, आणि तेल ओतायचं काम माझ्याकडे आलं.

माझ्याकडे! मी मनातल्या मनात हसलो. आम्ही तेलीच. अलिबागेकडच्या आमच्या गावात आजोबांचा लाकडी घाणा होता. गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवार आमचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. आम्ही यहुदी म्हणजे नेमके कोण, कुठले, हे गावाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही फारसं नव्हतं. पण शनिवारी हे लोक तेलाला शिवत नाहीत, एवढं पोरासोरांना ठाऊक होतं. शुक्रवारी दुपारनंतर आजोबा बैलाच्या डोळ्यांवरची ढापणं काढायचे, घाण्यावर फडकं टाकायचे, हात राखेने घासून धुवायचे. दुसऱ्या दिवशी कोणी कितीही अडल्या गरजेने आलं तरी भांडं रिकामं परत जायचं. एकदा शेजारची बाई बाळंतिणीसाठी तेल मागायला आली. आजोबांनी तिला आत नेऊन पिंप दाखवलं, म्हणाले तुझ्या हाताने घे, मी मोजणार नाही.

मी काही धार्मिक माणूस नव्हे. धर्मात मनाई असूनही शनिवारी सिगारेट ओढायचो, रेडिओ ऐकायचो, पोहायला जायचो. शुक्रवारी संध्याकाळी, आमचा शनिवार लागतो तेव्हा, मात्र काळ्या मनुका पाण्यात कुस्करून सरबत करायचो, काचेच्या ग्लासात पाणी, त्यावर गोड्या तेलाचा थर आणि त्यात वात लावायचो, आणि प्रार्थनेचे आठवतील तेवढे शब्द म्हणायचो. 'आमेन' म्हणायला कोणी नसायचं, मग तेही मीच म्हणायचो. तेवढीच माझी सगळी धर्मबुद्धी.

त्रेसष्टच्या उन्हाळ्याच्या शेवटी एका गुरुवारी डॉक्टर धावतच माझ्या खोलीत आला. वारा दोन दिवस बेताचा राहणार होता. डॉक्टरला हवा होता तसा वारा महिनाभर लाभला नव्हता. विमान मात्र शनिवारीच मोकळं होतं. त्यानंतर ते कापसावर फवारणीला जाणार, आणि डॉक्टर पुढच्या महिन्यात परदेशी.

"शनिवारी सकाळी होडीवर ये. हे शेवटचे फोटो," तो म्हणाला.

मी म्हणालो, "होडीवर येतो. तेल नाही ओतणार."

त्याला वाटलं मी मजा करतोय.

"तू शनिवारी सिगारेट ओढतोस."

"ओढतो."

"रेडिओ लावतोस."

"लावतो."

"मागच्या शनिवारी माझ्या जीपचं चाक तूच बदललंस."

"बदललं."

"मग तेलाचं काय?"

काय सांगणार? मी घाणा सांगितला, बैल सांगितला, आम्हाला गावात काय म्हणत ते सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. वाईट माणूस नव्हता तो. मग म्हणाला, "पण तिथे सगळ्यांत तुम्ही वेगळे होता. म्हणून ते नाव. इथे सगळा देशच शनिवारवाला. इथे त्या नावाचा काय उपयोग?"

बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला झोंबलं. मी तावातावाने म्हणालो, "सगळा देश शनिवारवाला, आणि शनिवारी तेल ओतायला तुम्ही मलाच बोलावता!" त्यावर तो थोडा हसला, थोडा लाल झाला. मग शांतपणे म्हणाला, जबरदस्ती नाही, पण समुद्राला शनिवार नसतो. कायम नोकरीवर मला असा माणूस लागेल, जो वारा असेल त्या दिवशी येईल.

म्हणजे त्याने सगळं उघडच सांगितलं. तेलाचे डबे इकडे आणि दोन खोल्यांची किल्ली तिकडे. रात्रीपर्यंत मी स्वतःला मूर्ख म्हणत राहिलो. गाड्यांतलं काळं तेल, त्याचा आमच्या तिळाच्या, खोबऱ्याच्या तेलाशी काय संबंध? आजोबा जाऊनही किती वर्षं झाली. बायकोला कळलं तर काय म्हणेल? शुक्रवारी मी एकदा तोंडाने मोठ्याने म्हणूनही पाहिलं, "येतो, ओततो." शब्द निघाले, पण ते डॉक्टरला जाऊन सांगायला पाय उचलेनात.

नावाड्याने तेल ओतायचं कबूल केलं. त्याचा चुलतभाऊ होडी धरायला आला, म्हणजे होडीवर माझं कामच उरलं नाही. नावाडी स्वतः माझ्याइतकाच शनिवार मानणारा, पण तो खांदे उडवून म्हणाला, "देवाला माझी पोरं माहीत आहेत." मला त्याचा राग आला नाही. हेवा वाटला.

शनिवारी सकाळी बराकीत बसवेना. मी पांढरा सदरा घालून बंदराच्या खाली, रिकाम्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. तिथे एक गंजलेलं पिंप वाळूत अर्धं रुतलेलं होतं, त्याला टेकून. लांब पाण्यावर होडी दिसत होती. एकेक डबा रिकामा होत होता आणि समुद्राला इस्त्री केल्यासारखा एक सपाट पट्टा वाढत होता. वाऱ्याने तो हळूहळू किनाऱ्याकडे सरकू लागला. विमान आलं, वर घिरट्या घालू लागलं. होडीतल्या तिघांनी वर पाहून हात हलवले. त्यांचं हसणं पाण्यावरून माझ्यापर्यंत येत होतं. मला आजपर्यंत तितकं एकटं कधी वाटलेलं नाही. गावात असतो तर निदान कोणी जाताजाता म्हटलं असतं, हा बघा शनिवार तेली. इथे मी तेलाला शिवलो नाही, हे कोणाला दिसतही नव्हतं.

रविवारी फिल्म माझ्याकडे आली. धुवायची मलाच. तेलाच्या पट्ट्यावरची चकाकी आकसून चांगली लहान झाली होती, डॉक्टरला हवी होती तशी, आणि मला त्याचा आनंदही झाला, कारण कामावर माझा जीव होता. शेवटचा फोटो वळताना निघालेला, विमान कलंडलेलं. त्यात कोपऱ्यात किनारा आला होता. लाल दिव्याखाली तो कागद रसायनात हलवत होतो, तेवढ्यात कोऱ्या वाळूवर एक पिंप उमटलं, आणि पिंपाशेजारी एक पांढरा ठिपका. तिळाएवढा. भिंग लावलं तरी त्याला हात नाहीत, पाय नाहीत. चहूकडे नुसती वाळू आणि पाणी.

डॉक्टरने भिंगातून पाहिलं. "हे काय आहे?"

"मी."

त्याने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, किनारा आलाय, हा मोजायच्या कामाचा नाही, तू ठेव.

नोकरीचा निकाल हिवाळ्याच्या तोंडावर आला. जागा एकच मंजूर झाली होती आणि ती नावाड्याला मिळाली. डॉक्टरने मला समोर बसवून सांगितलं आणि मला फोटोच्या कामापुरतं रोजंदारीवर राहू दिलं. नावाड्याची पोरं टेकडीवरच्या गॅलरीत खेळताना दिसायला लागली, तशी मी संध्याकाळचा रस्ता बदलला.

बायकोला कळवणं भाग होतं. मी चार ओळी लिहिल्या. घर मिळणार नाही, यंदा नाही आणि पुढच्या वर्षाचंही सांगता येत नाही. कारण लिहिलं नाही, कारण तेलाची गोष्ट कागदावर आणखीच मूर्खासारखी दिसत होती. पाकीट अगदीच रिकामं वाटलं म्हणून तो टाकाऊ फोटो आत घातला. ठिपक्याभोवती पेन्सिलने गोल काढून मागे लिहिलं, 'इथे मी आहे. बाकी समुद्र.' थट्टाच केली होती मी. पत्र टाकून परत आलो तेव्हा मनात पक्कं धरलं, की आता ती येत नाही.

चौसष्टच्या सुरुवातीला तिची तार आली, कोणत्या दिवशी विमान उतरतं एवढीच. मी बसमध्ये बसून उत्तरेला गेलो, तरी माझा विश्वास बसला नव्हता. ती विमानतळावर पातळावर स्वेटर घालून उभी होती, हातात पिशवी, पिशवीत पोहे आणि सुकं खोबरं. येताना अख्ख्या वाळवंटात मी तिला बराकीबद्दल सांगत राहिलो, म्हणजे पाहिल्यावर धक्का नको. फटी आहेत, वाळू येते, नळ बाहेर आहे. ती खिडकीबाहेर पाहत नुसती "बरं" म्हणत होती.

खोलीत आल्यावर तिने फटी पाहिल्या, पदर खोचला आणि झाडू मागितला. मला राहवलं नाही. तिच्यामागे उभा राहून मी सगळं सांगून टाकलं. शनिवार, होडी, डबे, नावाडी. "एक दिवस तेल ओतलं असतं तर आज तुझ्या हातात किल्ली असती," मी म्हणालो.

तिने झाडू खाली ठेवला आणि पिशवीतून तो फोटो काढला. हाताळून हाताळून त्याचे कोपरे मऊ झाले होते.

"घरासाठीच अडून बसले व्हते ना मी," ती म्हणाली. "मंग हा आला. सुईच्या टोकाएवढे दिसता तुमी ह्याच्यात. बाजूला घर नाय, झाड नाय, कोनी मानूस नाय. आईला दाखवला, ती पन रडली."

मी फोटो हातात घेतला.

"होडीत बसला असतात तर चार मानसांत दिसला असतात," ती म्हणाली आणि झाडू उचलला. "मंग मी आले असते ती किल्लीसाठी, तुमच्यासाठी कशाला?"